श्वास घ्या, होल्ड करा

२ फेब्रुवारी

आज मला शब्द मिळाला. इतरांना बढती मिळते, पगारवाढ मिळते. आम्हा शब्दकोशातल्या माणसांना शब्द मिळतो. माझ्या वाट्याला 'होल्ड' आला. खेळ, दवाखाने, बँका, जहाजं, सगळीकडे हा शब्द ठाण मांडून बसला आहे आणि जिथे जाईल तिथे त्याचा स्वभाव वेगळा.

संपादकबाई उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. आज चष्मा काढून म्हणाल्या, "हा शब्द नीट केलात तर तुम्हाला बंदरावर पाठवायचा विचार आहे." तिथे कोशाची नवी शाखा उघडते आहे. गोदीतले, जहाजांवरचे शब्द गोळा करायचे. एप्रिलमध्ये हजर व्हायचं, राहायला खोली मिळणार. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं आणि मी "बघतो" म्हणालो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस "बघतो" म्हणतो तेव्हा त्याला घरी विचारायचं असतं. बाईंना ते कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा परत लावला.

ताईला अजून बोललो नाही. ही वही ताई वाचत नाही, फक्त पुसते. मात्र उघडून पुसते. म्हणून आजपासून वही ऑफिसच्या पिशवीत.

४ फेब्रुवारी

आमच्या कोशाचे नियम कडक. आपण रोज बोलतो ते इंग्रजी शब्द कोणत्या धंद्यात कोणत्या अर्थाने चालतात, त्याचा हा कोश. प्रत्येक अर्थाला एक उदाहरण लागतं, आणि ते वाक्य आपल्या मनाने रचायचं नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. कार्डावर ते लिहायचं, खाली बोलणाऱ्याचा व्यवसाय टाकायचा, आणि शेवटी त्या माणसाला वाक्य वाचून दाखवायचं. तो "हो, असंच म्हणालो" म्हणाला तरच ते पक्कं.

पहिलं कार्ड घरबसल्या मिळालं. सकाळी ताई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मध्येच म्हणाली, "होल्ड कर हं, दूध उतू जातंय," आणि धावली. मी लगेच लिहून घेतलं. दूध अर्थात माझ्यासाठी. ताई दुधाला शिवत नाही, तिला वास सहन होत नाही, चहासुद्धा ती कोरा पिते. तरी रोज नाक मुरडून माझ्यासाठी तापवते आणि मी ते पिईपर्यंत समोर उभी राहते.

कार्डावर व्यवसाय लिहिला, 'गृहिणी'. ते काही अगदी खरं नाही. ताई सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायची, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. पण फोनच्या वाक्याला एक्स-रे कशाला?

९ फेब्रुवारी

आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. आई-बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मला आत फिट आली होती आणि दार तोडावं लागलं होतं. त्याच दिवशी ताईने कडी उपटून काढली. तिच्या जागी चार भोकं आहेत, रंगाखाली बुजलेली. शेवटची फिट येऊन इतकी वर्षं झाली की डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या आहेत. ताईने मात्र काही बंद केलेलं नाही. मी आंघोळीला बसलो की ती दाराबाहेरून विचारते, "छोट्या, ठीक आहेस ना?" मी "हो" म्हणतो. थोड्या वेळाने पुन्हा. साबण डोळ्यांत असला तरी "हो" म्हणावंच लागतं, नाहीतर दार उघडतं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी बहीण आहे, तिने मला वाढवलं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

१३ फेब्रुवारी

आज भिंतीवर चढायला शिकवतात त्या हॉलमध्ये गेलो. उंचच उंच भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी खुंट बसवलेले. त्या खुंटांना तिथे 'होल्ड' म्हणतात. ताई बरोबर होती. एकटा गेलो असतो, पण ती आधीच पाण्याची बाटली भरून दारात उभी होती.

शिकवणारे मास्तर दंडाने मजबूत आणि बोलायला गोड. मी विचारायला तोंड उघडलं, तोवर ताईने त्यांना सगळं सांगून टाकलं. "त्याला चढायचं नाहीये हो. त्याला फक्त शब्द हवाय."

मास्तर हसले. म्हणाले, "दोन पावलं तरी चढून बघा साहेब, त्याशिवाय शब्द कसा कळणार?" मी बूट काढले. खरं सांगायचं तर मला फार चढावंसं वाटत होतं. हात पिवळ्या खुंटावर, पाय निळ्या खुंटावर, जमिनीपासून फार तर गुडघाभर वर आलो असेन. तेवढ्यात मागून ताई किंचाळली, "अहो, होल्ड करा त्याला, होल्ड करा! बघताय काय!" मास्तरांनी घाबरून मला कमरेला धरून खाली ठेवलं. सगळा हॉल बघत होता. शरमेने मला मान वर करवेना.

मास्तरांनी पुढे काही सांगितलं, पण माझे कान बंद झाले होते. शेवटी ताईचंच वाक्य लिहून घेतलं. व्यवसाय: 'प्रेक्षक'.

१९ फेब्रुवारी

बँक. खिडकीतल्या बाबूंनी कुणाचं तरी खातं कसं होल्डवर टाकतात ते समजावून सांगायला सुरुवात केली होती. पण तिथला पंखा बंद होता आणि मला उकडतंय हे ताईला माझ्याआधी कळलं. ती म्हणाली, "लोकांची खाती होल्डवर टाकता ते टाका, निदान पंखा तरी चालू ठेवा." रांगेतली माणसं हसली. बाबूही हसले आणि गप्प झाले.

लिहून घेतलं. व्यवसाय: 'ग्राहक'.

२५ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या अर्थासाठी कुठे जायची गरजच नव्हती. संध्याकाळी ताईला विचारलं, "तू पेशंटना काय म्हणायचीस?" ती भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली, पाठ सरळ केली, आणि माझ्या ओळखीचा नसलेला एक आवाज तिच्या तोंडून आला, मोठा आणि शांत. "श्वास घ्या. होल्ड करा. सोडा."

मी थक्क झालो. इतकी वर्षं ती रोज सकाळी डबा घेऊन जायची आणि तिकडे अनोळखी माणसं तिच्या शब्दावर श्वास घेत होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं, "पुन्हा म्हण ना." तिने लाजून सुरी उचलली. "चल, काहीतरीच."

कार्डावर जागा कमी असते. आपला शब्द आला की पुढचं छाटायचं, अशी आमची रीत आहे. 'श्वास घ्या. होल्ड करा.' एवढंच घेतलं.

३ मार्च

संपादकबाई जरा नाराज दिसल्या. त्यांनी परवा घरी फोन केला होता, बंदराबद्दल विचारायला. "तुमच्या ताईंनी 'होल्ड करा' म्हटलं आणि नंतर कोणी आलंच नाही. बराच वेळ मी तुमच्या घरची भांडी ऐकत बसले."

मी त्या वेळी आतल्या खोलीतच होतो. घरी येऊन विचारलं तर ताई म्हणाली, "अगं बाई! विसरलेच मी." माझ्या चौथीतल्या खोकल्याच्या औषधाचा रंग जिला आठवतो, ती आता फोन विसरते. ताईचं वय होत चाललं आहे. अशा वेळी तिला सोडून जायचं म्हणजे कठीणच.

"बंदर म्हणजे काय रे?" तिने जेवताना सहज विचारलं. मी म्हणालो, "जहाजं थांबतात ती जागा." ती म्हणाली, "तेवढं मलाही कळतं." आणि विषय तिथेच राहिला.

१० मार्च

बाईंनी आज माझी कार्डं वाचली. एकेक वाक्य मोठ्याने वाचत होत्या. दुधाचं, भिंतीचं, पंख्याचं, श्वासाचं. मला वाटलं खूश होतील.

"वाक्यं झकास आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही सगळी एकाच तोंडची आहेत."

मी कार्डांवरचे व्यवसाय दाखवले. गृहिणी, प्रेक्षक, ग्राहक, एक्स-रे तंत्रज्ञ.

"व्यवसाय चार असतील. बाई एकच आहे." त्यांनी कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तुम्ही घराबाहेर पडता ना?"

"पडतो की. ताई असते बरोबर."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग एवढंच म्हणाल्या, की महिनाअखेर होय की नाही ते सांगा, नाहीतर बंदराला दुसरं कुणी शोधावं लागेल. त्यांना माझी पद्धत चुकीची वाटली हे उघड आहे. मान्य आहे. कोशात एकाच वक्त्याची एवढी वाक्यं असू नयेत.

१५ मार्च

सांगून टाकलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जा की," ती म्हणाली. "मी काय तुला दावणीला बांधून ठेवलंय?"

मी म्हटलं, "तसं नाही ताई."

"मग कसं? तिकडे रस्त्यात पडलास तर कोण उचलणार? परक्या गावात लोक आधी खिसे तपासतात, मग नाडी. दूध कोण तापवणार? रात्री हाक मारलीस तर 'ओ' कोण देणार? आणि माझं काय, मी राहीन. मला काय धाड भरलीये."

"ताई, मला फिट येत नाही आता."

"मी लक्ष ठेवते म्हणून येत नाही."

मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी टॉवेलची घडी घालायला लागलो. चुकीची घातली. तिने ती उलगडून पुन्हा घातली. नंतर तिचं डोकं दुखायला लागलं, मी बाम लावून दिला आणि "चुकलो" म्हणालो. काय चुकलं ते दोघांनीही विचारलं नाही.

१८ मार्च

बाईंना नकार देऊन आलो. वाक्य आदल्या दिवशीच पाठ केलं होतं. "प्रकृतीच्या कारणाने मला झेपणार नाही."

बाईंनी समोरचं कोरं कार्ड ओढलं. मी म्हणालो ते वाक्य त्यावर सावकाश लिहिलं, मग पेन तसंच धरून विचारलं, "वक्ता कोण?"

"म्हणजे?"

"नियम तुम्हाला माहीत आहे. बोलणाऱ्याचा व्यवसाय लिहायचा असतो. हे वाक्य कोणाचं?"

मी टेबलावरचे कार्डांचे गठ्ठे सरळ करायला लागलो. बाई म्हणाल्या, "कार्ड अर्धं आहे तोवर मी ते धरणार नाही. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे."

घरी येऊन न्हाणीघरात गेलो, दाराला बादली लावली आणि नुसता बसून राहिलो. पाणी घेतलंच नाही. "छोट्या, ठीक आहेस ना?" "हो." मग पुन्हा. "हो." मला गुदमरल्यासारखं होत होतं, तरी माझा "हो" अगदी रोजच्यासारखा निघत होता. या घरात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच असावा.

२२ मार्च

बंदर राहो बाजूला, शब्द तरी पुरा करायला हवा. वाक्यं पक्की करायची राहिली होती. वक्त्याला वाचून दाखवल्याशिवाय कार्ड जमा होत नाही, मग वक्ता घरचा का असेना. दुपारी ताईला समोर बसवलं. तिने चष्मा लावला, जणू परीक्षाच आहे.

मी ओळीने वाचलं. "होल्ड कर हं, दूध उतू जातंय." ती म्हणाली, "हो, असंच म्हणाले." "अहो, होल्ड करा त्याला, होल्ड करा! बघताय काय!" ती चपापली. "असं म्हणाले मी? एवढ्या लोकांत?" मी म्हटलं, "अगदी असंच." पंख्याचं वाक्य वाचलं, तेव्हा नुसती मान हलवली.

मग शेवटचं. "श्वास घ्या. होल्ड करा."

"पुढे?"

"पुढे नाही. आपला शब्द इथे संपतो."

"हे अर्धं आहे," ताई म्हणाली. एकदम इस्पितळातला आवाज लागला तिचा. "मी असं कधीच म्हणाले नाही. 'सोडा' कुठाय?"

मी जागेची अडचण सांगितली. ती ऐकेना. "अरे, 'सोडा' म्हटलं नाही तर माणूस सोडत नाही. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक म्हातारे आजोबा आले होते. मी 'होल्ड करा' म्हणाले, फोटो काढला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तशीच बाहेर गेले. परत येऊन बघते तर आजोबा यंत्राला छाती टेकवून उभेच! लालबुंद झालेले, डोळे बाहेर. मी म्हटलं, अहो, सोडायचा ना श्वास! तर म्हणतात, तुम्ही सांगितलंच नाहीत. कसले गरीब गाय होते. मी सांगेपर्यंत..."

मी पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी इतका हसलो. ताई हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात चष्म्याच्या दांडीवर तसाच राहिला होता.

"सोडा लिही," ती म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली. बराच वेळ आलीच नाही. दाढ दुखत असावी, हल्ली अधूनमधून दुखते.

मी नवीन कार्ड घेतलं आणि पूर्ण वाक्य लिहिलं.

२४ मार्च

आज सुतार आला होता. मी ऑफिसातून आलो तर न्हाणीघराच्या दारात लाकडाचा भुसा पडलेला आणि दाराला आतून नवी कोरी कडी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"घरात एकटी बाई राहायची म्हटल्यावर कडी नको?"

"कोण एकटी बाई?"

ताईने कपाळाला हात लावला. "एवढा शब्दांचा पंडित तू. मेल्या, कुठल्या जहाजावर घेणारेत तुला?" आणि केरसुणी घेऊन भुसा लोटायला लागली. माझ्याकडे पाठ होती. मी तिच्या हातातली केरसुणी घ्यायला गेलो तर म्हणाली, "तुला नीट येत नाही," आणि मग थांबली, आणि केरसुणी माझ्या हातात दिली.

मी अख्खं घर झाडून काढलं. कोपरे राहिले असतील. तिने ते पुन्हा झाडले नाहीत.

२५ मार्च

बाईंना होकार दिला. त्यांनी खणातून ते अर्धं कार्ड काढलं, फाडलं आणि म्हणाल्या, "वेळेवर पोचा."

४ एप्रिल

ताई सामान बांधते आहे आणि मी नुसता बघतो आहे. तीन थर्मामीटर ठेवलीत. एक काढलं. तिने परत ठेवलं. मी पुन्हा काढलं नाही.

९ एप्रिल

बंदर. खोली लहान आहे, खिडकीतून क्रेनची मान दिसते आणि सगळीकडे डिझेलचा वास. न्हाणीघराला कडी आहे. पहिल्या दिवशी लावली, काढली, परत लावली. आंघोळ करताना मी मध्येच मोठ्याने "हो" म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण मी तसाच ओला उभा राहून थोडं रडलो.

आज गोदीत माझं पहिलं कार्ड झालं. जहाजाच्या पोटात माल भरायची जी खोल जागा असते, तिलाही 'होल्ड'च म्हणतात. मी काठावरून वाकून बघत होतो, तर मुकादम ओरडले, "अहो, होल्डच्या तोंडाशी उभे राहू नका, डोक्यात माल पडेल!" मी मागे सरलो आणि लगेच लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "मी 'अहो' म्हटलं नव्हतं, 'अरे' म्हटलं होतं." दुरुस्त केलं. व्यवसाय: 'मुकादम'. त्या शब्दाकडे मी कितीतरी वेळ बघत होतो.

संध्याकाळी ताईला फोन केला. मुकादमांचं सांगितलं. डोक्यात माल पडण्याचा भाग गाळला. ती मध्येच म्हणाली, "होल्ड कर हं, दूध उतू जातंय." मी थांबलो. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज येत होता, बराच वेळ. ताई तर दूध घेत नाही. शेजारचं कुणी आलं असेल. परत आली तेव्हा आवाज बसलेला वाटला, नाक चोंदलेलं. मी म्हटलं, सर्दी झालीये तुला, वाफ घे. म्हणाली, घेते.

"ठीक आहेस ना" हे तिने आज एकदाही विचारलं नाही. मीच विचारलं. "हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. "हो रे."

मग बोलायला काही उरलं नाही. आमच्या घरात फोन आधी कोणी ठेवत नाही, समोरचा ठेवील म्हणून दोघंही कानाला लावून बसतो. तसाच बसलो होतो. क्रेनचा भोंगा झाला. तो तिकडे तिलाही ऐकू गेला असेल. आणि मग तिचा तो आवाज आला, एक्स-रेच्या खोलीतला, मोठा आणि शांत.

"हं. सोडा."

फोन बंद झाला. मी कार्ड काढून वाक्य लिहिलं. पण नियमाप्रमाणे ते अजून पक्कं नाही, तिला वाचून दाखवायचं आहे.